गझाला हाश्मींचा फॉरवर्ड आणि खालाची हरलेली निवडणूक

५ नोव्हेंबरच्या सकाळी चहा होण्याआधीच माझ्या मोबाईलवर एकच मेसेज सहा-सात ग्रुपांतून येऊन पडला होता. नांदेडचा खानदानी ग्रुप, कॉलेजची बॅच, लातूरच्या सासरवाडीचा ग्रुप, मोहल्ला कमिटी. ‘हैदराबाद की बेटी अमेरिका में गव्हर्नर बनी, माशाअल्लाह.’ खाली गझाला हाश्मी यांचा फोटो. सोबत न्यूयॉर्कच्या जोहरान ममदानींचा फोटोही होता, कारण तेही त्याच दिवशी महापौर म्हणून निवडून आले. दुपारपर्यंत कोणीतरी दोघांना बहीण-भाऊ करून टाकलं होतं.

आधी दुरुस्ती. हाश्मी गव्हर्नर झालेल्या नाहीत. व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नरपदी ॲबिगेल स्पॅनबर्गर निवडून आल्या. हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या आहेत. आपण या शब्दाचं मराठी ‘नायब राज्यपाल’ असं करतो आणि लगेच दिल्ली डोळ्यांपुढे येते: राष्ट्रपतींनी नेमलेला माणूस, जनतेने निवडलेल्या सरकारच्या फायली अडवणारा. व्हर्जिनियात गोष्ट उलटी आहे. तिथे या पदासाठी राज्यातला प्रत्येक मतदार मत देतो. गव्हर्नरचं मत वेगळं आणि लेफ्टनंट गव्हर्नरचं वेगळं, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि लेफ्टनंट दुसऱ्या पक्षाचा, असंही तिथे झालेलं आहे. पद तसं फार मोठं नाही. चाळीस सदस्यांच्या सिनेटचं अध्यक्षपद सांभाळायचं, मतं समसमान पडली तर आपलं निर्णायक मत टाकायचं, आणि गव्हर्नरची जागा रिकामी झाली तर ती घ्यायची. पण ते मिळवायचं तर अख्ख्या राज्याकडे जावं लागतं. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्या फॉरवर्डमधून नेमकं हेच गळालं आहे.

हैदराबादचं नातं मात्र खोटं नाही. हाश्मी यांचा जन्म १९६४ चा, हैदराबादचा. त्या चार वर्षांच्या असताना कुटुंब अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात गेलं. आपल्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद म्हणजे राजधानी होती. १९५६ पर्यंत नांदेड आणि (तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं) लातूर हैदराबाद राज्यातच होतं. माझ्या आजोबांचे नोकरीचे कागद उर्दूत आहेत, आणि त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या खालाने, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवली. त्यामुळे ‘आपली बेटी’ म्हणायला हरकत नाही. पण बेटी म्हटल्यावर तिने काय केलं हे तरी विचारावं.

तर तिने काय केलं? हाश्मी सुमारे तीस वर्षं प्राध्यापक होत्या. अमेरिकन साहित्यात पीएचडी, आधी रिचमंड विद्यापीठात आणि नंतर रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात शिकवणं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे जिथे नोकरी करत शिकणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं येतात ते. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवर प्रवेशबंदीचा आदेश काढला. त्या दिवसांत या देशात आपल्याला जागा आहे का, असा प्रश्न आपल्याला पडला होता, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. तोवर त्यांनी कधी निवडणूक लढवलेली नव्हती. २०१९ मध्ये त्या राज्य सिनेटला उभ्या राहिल्या आणि विद्यमान रिपब्लिकन सदस्याला हरवून निवडून आल्या. व्हर्जिनियाच्या सिनेटमधल्या त्या पहिल्या मुस्लिम. पुढे शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष झाल्या.

म्हणजे प्रश्न मुस्लिम असल्यामुळे पडला. पण उत्तर म्हणून त्या जे घेऊन गेल्या ते शाळा, शिक्षकांचे पगार, दवाखाने आणि औषधांचा खर्च. त्यांनी आपलं नाव लपवलं नाही, धर्म लपवला नाही, आणि फक्त त्याच्यावर मतंही मागितली नाहीत. आपल्याकडच्या ज्या चाचांनी फोटो फॉरवर्ड केला, त्यांना हेही माहीत नसावं की गर्भनिरोधकांच्या हक्काचं विधेयक हाश्मींनीच मांडलं होतं आणि गर्भपाताचा हक्क हा त्यांच्या प्रचाराचा मोठा भाग होता. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं तर तासभर शांतता पसरली. मग कोणीतरी ‘गुड मॉर्निंग’चं गुलाबाचं फूल टाकलं.

यावरून मला एक कळलं. आपल्याला त्या नावाचा आनंद आहे, राजकारणाशी देणंघेणं नाही. आपलं नाव मोठ्या पाटीवर लागलं की आपल्याला पुरतं.

व्हर्जिनियाची लोकसंख्या मराठवाड्याच्या निम्म्याहून कमी आहे. त्यात मुसलमान अगदी थोडे. सगळ्या मुसलमानांनी एकगठ्ठा मतं दिली असती, तरी त्यावर हाश्मी निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना जवळपास ५५ टक्के मतं मिळाली. त्यांना मत देणारे बहुसंख्य लोक ख्रिश्चन होते, काही कोणताच धर्म न मानणारे, काही ज्यू, काही हिंदू. डोंगराळ भागातल्या कितीतरी काउंट्यांमध्ये त्या सपाटून हरल्या. पण हरायला का होईना, त्यांना तिथे आपलं म्हणणं न्यावंच लागलं.

आता आपल्या चहाच्या टपरीवरचं उत्तर मला पाठ आहे. ‘भाई, वो अमेरिका है. लातूरात कोण मत देणार आपल्या नावाला?’ हा आक्षेप खोटा नाही. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत आज दहा मुसलमान आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपल्या अख्ख्या मराठवाड्यातून त्या दहांत एकच. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून एकही मुसलमान खासदार गेला नाही. पक्ष तिकीट देत नाहीत, दिलंच तर हरणारी जागा देतात, आणि वर ‘तुमचे लोक निवडून येत नाहीत’ असं ऐकवतात.

इथे व्हर्जिनियाचा एक खरा फरक आहे आणि तो माणसांच्या मनाचा नसून व्यवस्थेचा आहे. हाश्मींना उमेदवारी कोणा नेत्याने दिली नाही. जूनमध्ये त्यांच्या पक्षाच्या मतदारांनी मतदान करून उमेदवार निवडला. सहा जण रिंगणात होते. हाश्मींना २७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि रिचमंडच्या माजी महापौरांना त्या एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरवून पुढे गेल्या. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, कोणाच्या तरी बंगल्यावरून निघतो आणि वाटेत बदलतो. ज्या पक्षात कार्यकर्त्याला उमेदवार निवडताच येत नाही, तिथे वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या मुस्लिम कार्यकर्त्यालाच काय, कोणालाच न्याय नाही. ही तक्रार आपण ‘मुसलमानांवर अन्याय’ म्हणून मांडतो. ती सगळ्या साध्या कार्यकर्त्यांची म्हणून मांडली तर ऐकणारे जास्त मिळतील.

पण तिकीट हा एकच अडसर आहे असं मानायला मी तयार नाही, कारण एक निवडणूक मी स्वतः आतून पाहिली आहे. तिथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. तरी आम्ही हरलो, आणि हरवलं आमचं आम्हीच.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेची निवडणूक झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी खाला निवृत्त झाली होती. महिलांसाठी राखीव जागेवर ती अपक्ष उभी राहिली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. तीन आठवड्यांची सुट्टी काढून आलो. आम्ही भाचे-पुतणे म्हणजेच प्रचार यंत्रणा. त्या वर्षी चार सदस्यांचा प्रभाग होता. एका प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराने चार मतं द्यायची. प्रभाग त्यामुळे मोठा झाला होता. आपला मोहल्ला, त्याच्या पलीकडची भीमनगरसारखी वस्ती, मग मराठा आणि लिंगायतांची घरं, एक जुनी व्यापारी गल्ली, आणि मागे नवीन प्लॉटिंग.

आम्ही काय केलं? मोहल्ल्यात ऑफिस उघडलं. बॅनर लावले, तेही उर्दूत. उर्दूत लावण्यात काही वाईट नाही, पण एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईचा एकही बॅनर मराठीत नव्हता, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच विचित्र वाटलं नाही. रात्री कोपरा सभा, त्याही मोहल्ल्यातच. भाषणांत कौम, इत्तेहाद, ‘वोट बँटने मत दो’. रिक्षा फिरायची ती याच चार गल्ल्यांत. पलीकडे जायचं खालाने दोनदा सुचवलं. आम्ही म्हणालो, तिकडं जाऊन वेळ कशाला घालवायचा, ते लोक आपल्याला देणार नाहीत. तिने फार वाद घातला नाही. माझं आजही मन खातं ते यावरच.

ती तिसरी आली. त्या निवडणुकीत काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकल्या, त्यामुळे अपक्षाची डाळ शिजणं तसंही कठीणच होतं. चार बटणं दाबायची असतात तेव्हा लोक सरळ एका चिन्हाचं पॅनल दाबून मोकळे होतात. हे सगळं मान्य. पण निकालानंतर पंधरवड्याने मी केंद्रनिहाय आकडे मिळवले आणि सवयीने एक्सेलमध्ये टाकले. आमच्या धंद्यात प्रोग्राम बंद पडला की आधी लॉग बघतात, शिव्या नंतर देतात. खालाची जवळजवळ सगळी मतं मोहल्ल्यातल्या केंद्रांवर होती. बाकीच्या केंद्रांवर कुठे चार, कुठे अकरा, कुठे एकोणीस. पाहणाऱ्याला वाटेल, बघा, ‘त्या’ लोकांनी दिलं नाही. पण मला माहीत होतं की त्या केंद्रांच्या भागात आमचा एकही माणूस एकदाही गेला नव्हता. न मागता पडलेली ती चार, अकरा, एकोणीस मतं कोणाची होती?

त्याचं उत्तर भाजी मार्केटमध्ये मिळालं. खाला आणि मी भाजी घेत होतो. पन्नाशीकडे झुकलेला एक विक्रेता तिला पाहून उठून उभा राहिला आणि पाया पडला. तिचा विद्यार्थी. म्हणाला, ‘बाई, तुम्ही उभ्या होत्या हे मला मशीनवर नाव बघितल्यावर कळलं. मी दिलं मत. पण घरातल्या चौघांचं आधीच होऊन गेलं होतं ना. सांगायचं तरी.’ घरी येताना खाला रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बेटा, मेरे बच्चोंकू तो किसीने बोलाच नै.’

मी तेव्हापासून आपल्या मतांच्या गणिताकडे संशयाने पाहतो. नांदेड शहरात आपण एक तृतीयांशाच्या आसपास आहोत. हा आकडा आपल्या राजकारणाचं बळ आहे असं सगळे म्हणतात. मला तो सापळा वाटतो. एवढी संख्या असली की काही प्रभाग फक्त आपल्या मतांवर निघतात. २०१२ मध्ये एमआयएमने नांदेड महापालिकेत ११ जागा घेतल्या, त्या अशाच. पाच वर्षांनी त्यातली एकही राहिली नाही. जे संख्येवर मिळतं ते संख्येच्या कुंपणाबाहेर वाढत नाही, आणि कुंपणाच्या आतही मतं फुटली की जातं. मी त्या पक्षाला इथे बोल लावत नाही. खालाच्या निवडणुकीत आमच्याकडे कोणताच पक्ष नव्हता आणि आम्ही तंतोतंत हेच केलं.

आणि जिथे आपली संख्या नाही तिथे काय झालं आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलमधून हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. तिथे मुस्लिम मतांवर ग्रामपंचायतीपलीकडे काही निघणार नाही. त्यांच्या पक्षांतराबद्दल मला काही बरं बोलता येणार नाही, पण गरीब पेशंटच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या दवाखान्यात सोय लावून देणारा आमदार ही त्यांची ओळख कागलच्या खेड्यांत पक्की आहे. आपल्या लातूरचे पाशा पटेल घ्या. शेतकरी संघटनेत शरद जोशींबरोबर वाढलेला माणूस. आज ते भाजपमध्ये आहेत आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांना ते पटणार नाही, मलाही नाही. पण औसा-निलंग्याच्या कुठल्याही पारावर त्यांचं नाव निघालं की पुढचा शब्द सोयाबीनचा भाव असतो, नाहीतर बांबू. आधी शेतकऱ्यांचा माणूस, मग बाकीचं. आणि अंतुले. १९८० च्या जूनपासून १९८२ च्या जानेवारीपर्यंत एवढाच त्यांचा मुख्यमंत्रिपदाचा काळ, आणि शेवट सिमेंटच्या प्रकरणात झाला. तेवढ्यात संजय गांधी निराधार योजना आली, जिचे पैसे आजही गल्लीतल्या विधवा म्हाताऱ्या बँकेतून आणतात. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ आलं. मराठवाड्याच्या वकिलांना ते विचारा. त्यातलं काहीही ‘आपल्यासाठी’ नव्हतं, आणि सगळंच आपल्याही कामाचं होतं.

त्यानंतर एकही मुस्लिम मुख्यमंत्री नाही. उपमुख्यमंत्री तर कधीच नाही. पण उपमुख्यमंत्रिपद आपण मागायचं तरी कोणाकडे? ते पद राज्यघटनेत नाही, त्यासाठी मतदान नाही, ते वाटाघाटीत दिलं जातं. लेफ्टनंट गव्हर्नरसारखं सगळ्या राज्याने मत देऊन निवडायचं पद आपल्याकडे एकही नाही.

अगदी त्याच्या जवळ जाणाऱ्या दोन निवडणुका मात्र आपल्याकडे आहेत.

पहिली नगराध्यक्षाची. योगायोग असा की ४ नोव्हेंबरला, व्हर्जिनियात मतदान होत होतं त्याच दिवशी, आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. मतदान २ डिसेंबर २०२५ ला ठरलं होतं. त्या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून होता. २०१६ मध्ये तसा कायदा झाला, २०२० मध्ये तो फिरवला, २०२२ मध्ये पुन्हा आणला. म्हणजे उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूर, देगलूर, कंधार, किनवट, धर्माबाद या गावांत प्रत्येक मतदार नगराध्यक्षासाठी एक स्वतंत्र मत देतो. नांदेड आणि लातूर शहरात तसं नाही, तिथे महापौर नगरसेवकच निवडतात. थेट नगराध्यक्षाला माझा तत्त्वतः थोडा विरोधच आहे, पैशावाल्याचं फावतं असं मला वाटतं. पण आता नियम तो आहे तर त्याचा अर्थ समजून घ्या. एका मोहल्ल्याच्या जोरावर हे पद कोणालाच मिळत नाही, ना मराठ्याला ना लिंगायताला ना आपल्याला. ज्याला हवं त्याला गावभर फिरावं लागेल. नगराध्यक्ष आपला नसला तरी तो आपल्या गल्लीत मत मागायला येतो. त्याला ‘समाजासाठी काय करणार’ असं मोघम विचारू नका. पाणी किती दिवसांनी येतं, ते विचारा. लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी मागवलं तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या गल्लीत टँकरपुढे लागलेल्या घागरींची रांग कोणत्या धर्माची आहे हे कोणी विचारत नव्हतं. सासूबाई सांगतात, भांडणं मात्र सगळ्यांची सगळ्यांशी झाली.

दुसरी निवडणूक तुमच्यापैकी अनेकांच्या गावीही नसेल. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघ. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून विधान परिषदेचा एक आमदार. क्षेत्राने पाहाल तर हा व्हर्जिनियाच्या दुपटीहून जास्त लोकवस्तीचा भाग आहे, फक्त मत पदवीधरांनाच. मागचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं, पुढचं २०२६ च्या अखेरीस अपेक्षित आहे. गेल्या वेळी पावणेचार लाखांच्या आसपास मतदार होते. यात एक गंमत आहे. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते. तुमचं नाव विधानसभेच्या यादीत आहे म्हणून इथे येत नाही, आणि गेल्या वेळी इथे होतं म्हणूनही येत नाही. नमुना १८ भरायचा, पदवीची साक्षांकित प्रत जोडायची, राहण्याचा पुरावा द्यायचा. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत आणि राहणं मराठवाड्यातलं हवं. पहिली मुदत गेली असली तरी प्रारूप यादीवरच्या दाव्या-हरकतींच्या काळात अर्ज देता येतो, आणि त्यानंतरही उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरवणी यादीची वाट असते.

मी २०१२ मध्ये नांदेडलाच इंजिनिअर झालो. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे घरून काम सुरू झालं आणि मी कायमचा नांदेडला परतलो. त्या डिसेंबरला मी पदवीधरचं मतदान केलं का? नाही, नावच नव्हतं. तेव्हा मी फेसबुकवर मुस्लिम प्रतिनिधित्वावर लांबलचक पोस्टी लिहीत होतो. यंदा नमुना भरला. मग देगलूर नाक्यावर चहा पिताना आमच्या बॅचच्या नऊ जणांना विचारलं. इंजिनिअर, फार्मसिस्ट, एक वकील. दोघांनी भरला होता. वकिलाने भरला नव्हता.

आपल्या घरांतून गेल्या वीस वर्षांत किती मुली पदवीधर झाल्या ते बघा. बी.ए., बी.एड., बी.फार्म., डी.एड. करून पुढे पदवी. त्यातल्या किती जणींचं नाव या यादीत आहे? इथे पसंतीक्रमाने मत द्यायचं असतं, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पहिल्या पसंतीत कोटा पुरा झाला नाही तर दुसऱ्या पसंतीची मतं मोजली जातात. अशा निवडणुकीत थोडे मतदारही उमेदवाराला आपल्या दारात आणू शकतात, कारण त्याला तुमची दुसरी पसंतीही हवी असते. आणि इथले प्रश्न आपलेच आहेत. शिक्षक भरती, विनाअनुदानित कॉलेजांतले पगार, विद्यापीठाचे रखडलेले निकाल. उर्दू शाळेतला विनाअनुदानित शिक्षक आणि मराठी शाळेतला विनाअनुदानित शिक्षक एकाच अर्ध्या पगारावर काम करतात.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली, थोडक्यात. हाश्मींनी प्रतिस्पर्धी जॉन रीड यांच्याशी वादविवाद करायला नकार दिला. मला तो त्यांचा चुकीचा निर्णय वाटतो. सगळ्या राज्याची मतं मागायची तर समोरच्यापुढे उभं राहायला हवं. पण रीड यांनी काय करावं? त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली हाश्मींची नक्कल उभी केली आणि तिच्याशीच वाद घातला. तिथे निदान नक्कल आहे हे सांगून केलं. आपल्या देगलूर-उदगीरमध्ये असं सांगून कोणी करणार नाही. एखाद्या मौलानाच्या आवाजातली तीस सेकंदांची ऑडिओ क्लिप बनवायला आज कोणा इंजिनिअरची गरज नाही, दहावीतलं पोरगं करतं. मतदानाच्या आदल्या रात्री ‘आपल्या’ बाजूची भडक क्लिप आली तर ती पुढे पाठवू नका, ती बहुधा आपल्यासाठी बनवलेली नसते. ती पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना घाबरवायला बनवलेली असते.

पलीकडची गल्ली म्हटलं की मला २०२५ चा ऑगस्ट आठवतो. लेंडी धरणाच्या पाण्याने मुखेड तालुक्यातली गावं बुडाली तेव्हा माझ्या ओळखीची आठ-दहा पोरं पिकअप भरून पीठ, चादरी, पाण्याचे कॅन घेऊन तिकडे गेली. तीन दिवस राहिली. त्यांतल्या एकालाही मी म्हणालो नाही की तू उभा राहा. त्यानेही स्वतःशी तसं म्हटलं नसेल. त्याला वाटतं निवडणूक म्हणजे मोहल्ल्यातल्या दोन पुढाऱ्यांची कुस्ती, आणि मदतकार्य म्हणजे सवाबचं काम. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, हे हाश्मींच्या फोटोखाली कोणी लिहिलं असतं तर तो फॉरवर्ड मीही पुढे पाठवला असता.

नांदेड महापालिकेवर २०२२ पासून प्रशासक होता. तिची निवडणूकही यायची होती. खाला आता अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे धरतात, ती उभी राहणार नाही. तिची सून म्हणते आहे, बघू. मागच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन खालाच्या ओट्यावर बसलो होतो. ती आठवून आठवून तिच्या विद्यार्थ्यांची नावं सांगत होती, शाळा आणि साल यांच्यासकट, आणि मी मतदार यादीत शोधून केंद्र क्रमांक लिहीत होतो. दुपारपर्यंत एकशे त्रेचाळीस झाले. मध्येच एका नावावर ती अडली. ‘चौथीतला, डावखुरा. पाढे म्हणताना सतराला अडायचा. वजिराबादला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, पण राहतो कुठे ते विचारावं लागेल.’ मग चप्पल शोधत म्हणाली, ‘चल, गाडी काढ. आज दुकान उघडं असेल.’